मॉडेस्टी ब्लेझ आणि खिळा बांधलेली काठी

आजची नायिका अशी आहे, की जिला सोडवायला कुणी हिरो धावत येत नाही. उलट बहुतेक वेळा तीच दुसऱ्यांना सोडवायला निघते. नाव, मॉडेस्टी ब्लेझ.

१३ मे १९६३ रोजी लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये तिची चित्रमालिका सुरू झाली. लेखक पीटर ओ'डॉनेल, चित्रकार जिम होल्डवे. बाँडचा पहिला सिनेमा येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, म्हणून लोक तिला 'लेडी बाँड' म्हणतात. पण तिचं मूळ भलतीकडेच आहे.

१९४२. ओ'डॉनेल ब्रिटिश फौजेच्या सिग्नल विभागात, उत्तर इराणमध्ये. युद्धामुळे कॉकेशसकडून निर्वासित येत होते. त्यांत एक लहान मुलगी, अगदी एकटी. गळ्यात अडकवलेला लाकडाचा तुकडा आणि त्याच्या टोकाला बांधलेला खिळा. हे तिचं हत्यार! सैनिकांनी तिला खायला दिलं. तिने खाल्लं, हसली आणि ताठ मानेने निघून गेली.

वीसेक वर्षांनी कर्तबगार नायिका लिहायची ठरली, तेव्हा ओ'डॉनेलला तीच आठवली. म्हणून मॉडेस्टीही अनाथ, निर्वासित छावणीतून पळालेली. पुढे टँजियरमध्ये ती गुन्हेगारांची टोळी चालवते, श्रीमंत होते, निवृत्त होते आणि मग ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या अडलेल्या कामांना मदत करते. तिचं आवडतं हत्यार काय, तर मुठीत मावणारा लाकडी 'काँगो'!

मला इथेच खरा फरक दिसतो. बाँडला सरकारने तयार केलं. हिला जे येतं, ते जगायचं म्हणून शिकावं लागलं. आणि तिचा जोडीदार विली गार्विन? जीव ओवाळून टाकेल, पण दोघांत प्रेमप्रकरण नाही. लेखकाने हा नियम शेवटपर्यंत पाळला.

१९६६च्या सिनेमाने मात्र तिची थट्टाच केली. वर्तमानपत्रातली मॉडेस्टी तरीही टिकली. १९७० मध्ये होल्डवे वारला, चित्रकार बदलत गेले, लेखक एकच राहिला. ११ एप्रिल २००१ रोजी, स्वतःच्या ८१व्या वाढदिवशी, त्याने मालिका थांबवली.

जवळपास ३८ वर्षं त्याने तिला प्रत्येक संकटातून सुखरूप बाहेर काढलं. इराणमधल्या त्या पोरीचं पुढे काय झालं, हे मात्र त्याला कधीच कळलं नाही.