नियंत्रण कक्षातली प्रश्नचिन्हं

प्रयोगाच्या डेटामधला एखादा आकडा बाकीच्यांशी जुळला नाही तर तुम्ही काय करता? खरं सांगा. एमएस्सीला असताना मी सरळ खोडायचो. आउटलायर म्हटलं की काम झालं! पुढे इन्स्ट्रुमेंटेशनचा इतिहास वाचताना थ्री माइल आयलंडचा अपघात समोर आला आणि ती सवय जरा टोचायला लागली.

हे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं अणुवीज केंद्र. २८ मार्च १९७९ ला पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या युनिटमधले पाणी पुरवणारे पंप बंद पडले. अणुभट्टीतला दाब वाढला, दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर तो मिटायला हवा होता, पण अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला.

तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सोलेनॉइडला वीज मिळते आहे की नाही, एवढंच तो सांगायचा. म्हणजे ‘बंद हो’ हा हुकूम गेला, इतकंच कळायचं. तो पाळला गेला का, हे नाही. त्यातून गंमत बघा, वर्षभरापूर्वी तोच व्हॉल्व्ह उघडा राहिला होता आणि त्यावर उपाय म्हणूनच हा दिवा बसवला होता.

दोन तासांहून जास्त वेळ पाणी वाफ होऊन निघून जात राहिलं. अणुभट्टीच्या पात्रात पाणी किती आहे, हे थेट मोजणारं उपकरणच नव्हतं. शेजारच्या प्रेशरायझरची पातळी भरलेली दिसत होती, म्हणून ऑपरेटर लोकांनी आणीबाणीचं पाणी उलट कमी केलं.

आता खरा भाग. इंधनाच्या वरच्या टोकाला ५२ थर्मोकपल होती. पण ७०० अंश फॅरेनहाइटच्या वरचा आकडा छापायचा नाही, असा संगणकाचा प्रोग्रॅम होता. त्यापुढे तो नुसती प्रश्नचिन्हं छापायचा. रोजच्या कामात तापमान तिथवर जातंच कुठे, असा हिशेब असणार.

सकाळी केंद्रातल्या इन्स्ट्रुमेंटेशन अभियंत्याने तंत्रज्ञांना थेट तारांवर मोजायला लावलं. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या जोडलेल्या तारा. तापमानातल्या फरकानुसार त्या काही मिलिव्होल्ट देतात. त्यामुळे व्होल्टमीटर पुरतो, संगणक मध्ये लागत नाही. मला ही अख्ख्या दिवसातली सगळ्यात शहाणी कृती वाटते.

आकडे आले. काही २०० अंश फॅरेनहाइटच्या आसपास, काही २३०० च्या वर! अभियंत्याने ते वरिष्ठांना कळवले. पण इतके कमी आकडे चुकीचेच असणार असं सगळ्यांना वाटलं, आणि हे चूक तर ते बरोबर कशावरून? सगळेच बाजूला ठेवले गेले.

त्यांना हसू नका. पहाटेपासून दिवे, अलार्म, प्रिंटर खोटं किंवा उशिरा बोलत होते. अशा वेळी आणखी एका उपकरणावर अविश्वास दाखवणं माणसाला साहजिकच वाटतं. पण उष्णता फार झाली की थर्मोकपलच्या तारा वितळून भलत्याच जागी चिकटू शकतात आणि मग तिथलं तापमान दाखवतात. म्हणजे आकड्यांचं ते विस्कटणं हीसुद्धा माहितीच होती. सरासरी काढून किंवा खोडून ती हाती लागली नसती.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते गणितज्ञ जॉन केमेनी, बेसिक ही संगणकभाषा तयार करणाऱ्या दोघांपैकी एक. ऑक्टोबर १९७९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात ही सकाळ तपशिलात आहे. मूळातून वाचा. माणसं समोरचा आकडा का नाकारतात, हे त्यात दिसतं.

भट्टीच्या आत प्रत्यक्ष पाहायला मात्र जुलै १९८२ उजाडला. वरून एक छोटा कॅमेरा सोडला. जिथे इंधनाच्या कांड्या असायला हव्या होत्या तिथे सुमारे दीड मीटर पोकळी होती आणि खाली राडारोडा.