फुरशाचे इनाम आणि सर्पमित्र

इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारणाऱ्या रयतेस सरकारी खजिन्यातून रोख इनाम मिळे, आणि हजारोंच्या संख्येने हे लहानसे विषारी साप प्राणास मुकत. परंतु जांभ्याच्या गडग्यांतील फटी आणि पडवीतला लाकूडफाटा, ही त्यांची आश्रयस्थाने, जशीच्या तशी राहिल्याने तो वंश निःशेष झाला नाही, आणि माझ्या मते त्या निर्दय बंदोबस्ताचे वैयर्थ्य येथेच सिद्ध होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९८६ साली सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यास कात्रजचे सर्पोद्यान उभारले, आणि घरात शिरलेला साप आकड्याने अलगद उचलून, पिशवीत घालून रानात सोडणारा सर्पमित्र गावोगावी परिचित झाला. फटी बुजविणे, अडगळ हलविणे आणि उंदरांचा उपद्रव आवरणे हा सापांपासून बचावाच्या या विद्येचा उत्तरार्ध मात्र गृहस्थांच्याच हाती आहे.