चेंबरलेन घराण्याचें गुपित

वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यांतील कायद्याचे व नीतीचे तंटे आधुनिक कारखान्यांबरोबर जन्मास आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाहीं. इंग्लंडांतील चेंबरलेन घराण्याची हकीकत या वादाचें मूळ सतराव्या शतकापर्यंत मागें नेते. आणि तिचा निर्णायक पुरावा एका बंद पेटींतून बाहेर पडला असल्यामुळें ती संग्राहकांनीं अवश्य लक्षांत घेण्याजोगी आहे.

विल्यम चेंबरलेन हा ह्यूगेनॉट पंथाचा गृहस्थ १५६९ सालीं धर्मच्छळामुळें फ्रान्स सोडून साउदॅम्प्टनला आला. त्याच्या दोन मुलांचें नांव पीटर हेंच होतें. अडलेल्या बाळंतिणीचें मूल जिवंत काढण्याचें एक साधन या घराण्याजवळ होतें. त्याच्या शोधाचा मान सामान्यतः थोरल्या पीटरला देतात. साधन म्हणजे दोन वक्र पात्यांचा चिमटा. पातीं एकामागून एक आंत घालून मग जोडावयाचीं, ही त्यांतील खुबी. तत्पूर्वीं अशा प्रसंगीं आंकड्यानें मूल तोडून काढण्यावांचून बहुधा गत्यंतर नसे.

१६१२ सालीं थोरल्या पीटरला लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यसंस्थेनें न्यूगेटच्या तुरुंगांत टाकविलें. अपराध कोणता? अधिकार नसतां औषधें दिलीं हा. जीव वांचविणारें हत्यार लपवून ठेवणें हा मात्र कोणत्याही कायद्यानें अपराध नव्हता. १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्यानें नव्या कृतीच्या शोधकास १४ वर्षांचा हक्क देऊं केला होता. त्या वाटेस हें घराणें गेलें नाहीं. त्यानें गुपित शंभर वर्षांवर राखलें.

धाकट्या पीटरचा मुलगा डॉ. पीटर यानें १६३४ सालीं लंडनच्या सुइणींची संस्था आपल्या देखरेखीखालीं स्थापण्याचा घाट घातला. सुइणींनींच त्यास विरोध केला. हा हत्यारांवांचून प्रसूति करीत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. डॉ. पीटरचा मुलगा ह्यू १६७० सालीं पॅरिसला गेला व त्यानें गुपिताची किंमत १०,००० एकू सांगितली. प्रसिद्ध प्रसूतिवैद्य मोरिसो यानें परीक्षेसाठीं अत्यंत अरुंद कटीची एक बाई दिली. घटकाभरांत मूल काढतों म्हणणारा ह्यू तीन तास झटला व हरला. बाई दुसऱ्या दिवशीं वारली. सौदा मोडला. पुढें १६७२ सालीं त्यानें मोरिसोच्याच ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर छापलें व प्रस्तावनेंत लिहिलें कीं, बाप व भाऊ याच विद्येवर उपजीविका करीत असल्यामुळें ती प्रसिद्ध करणें आपल्या हातीं नाहीं.

उतारवयांत ह्यू हॉलंडास गेला. ॲम्स्टरडॅमला प्रसूतीचें एक गुपित पुष्कळ वर्षें विकलें जात होतें, व तें ह्यूकडूनच आलें असें मानतात. १७५३ सालीं डी व्हिसर व फान डी पोल यांनीं तें विकत घेऊन प्रसिद्ध केलें, तों तें चिमटा नसून नुसती एक तरफ निघाली. इकडे इंग्लंडांत १७३३ सालीं एडमंड चॅपमन यानें चिमट्याची माहिती छापली होती.

१८१३ सालीं एसेक्समधील वुडहॅम मॉर्टिमर हॉल या वाड्यांत, जेथें डॉ. पीटर १६८३ सालीं वारला, वरच्या मजल्यावरील फळ्यांखालीं एक पेटी सांपडली. तींत चिमटे, तरफा, जुनीं नाणीं, घरगुती पत्रें व कागदांत गुंडाळलेला एक दांतही होता. हीं हत्यारें आज लंडनच्या प्रसूतिवैद्यांच्या रॉयल कॉलेजच्या संग्रहीं आहेत.

चेंबरलेनांचा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं. ज्यांस वैद्यसंस्थेनें तुरुंग दाखविला, त्यांनीं पोटाकरितां विद्या झांकावी हें समजण्यासारखें आहे. परंतु लोभाहून मोठा दोष हा कीं, गुपितास परीक्षा नसते. चिमटा उघडा असता, तर कोणत्या बाईस तो लागू व कोणत्या बाईस घातक, हें अनेकांच्या अनुभवानें ठरलें असतें. पॅरिसच्या त्या बाईवर पैज लागली नसती. शोधकास मोबदला मिळावा, पण साधन उघडें करूनच, हा न्याय येथें आपोआप सिद्ध होतो.

जुन्या वैद्यघराण्यांचीं दप्तरें पाहतांना आपण राजकीय कागद निवडून बाकीचे गांठोडें परत करतों. त्या पेटींतील घरगुती पत्रांनींच हत्यारांचे धनी ओळखूं आले, हें विसरूं नये.