अप्पांची चार पदकं

तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास आपण व्यंकोजीराजांपासून सुरू करतो आणि १८५५ साली राज्य खालसा झालं, तिथे थांबतो. लष्करी बाजू त्याच्याही आधी संपते. १७९९च्या तहानंतर सरफोजीराजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला, बाकी कारभार कंपनीकडे गेला. पुढच्या पिढ्या कारकुनी, शिक्षकी, रेल्वे अशा नोकऱ्यांत शिरल्या. काही जण मात्र पुन्हा फौजेत गेले. त्यांची नोंद बखरीत सापडत नाही, घरातल्या पेट्यांत सापडते.

कुंभकोणमच्या आमच्या घरात आई गेल्यावर जुनी पितळी भांडी मोडीत द्यायला काढली. त्या ढिगात एक डबा होता. आत अप्पांची, म्हणजे वडिलांची, चार पदकं आणि फौजेतून सुटल्याचा कागद. अप्पा मद्रास सॅपर्समध्ये होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मीही फौजेत गेलो, पण त्यांनी स्वतःच्या नोकरीबद्दल कधी चार वाक्यं सांगितली नाहीत.

पदक वाचायचं असतं. १९३९-४५ स्टारच्या फितीवर गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन पट्टे असतात: आरमार, पायदळ, विमानदल. बर्मा स्टारच्या फितीतला नारिंगी पट्टा सूर्याचा. तिसरं वॉर मेडल. चौथं स्वतंत्र भारताचं जनरल सर्व्हिस मेडल, त्यावर ‘जम्मू अँड काश्मीर’ ही पट्टी. कडेवर अप्पांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं.

पट्टी पाहताच भाचा म्हणाला, “मामा, म्हणजे आजोबा झोजिलाला होते!” त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. १९४८च्या शरदात मद्रास सॅपर्सनी बालतालहून झोजिलाकडे जाणारी खेचरांची वाट रणगाड्यांजोगी केली आणि १ नोव्हेंबरला सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे खिंडीत शिरले. पण पट्टीचा अर्थ एवढाच, की हा माणूस त्या मोहिमेत होता. कुठल्या कंपनीत, कुठल्या दिवशी, हे ती सांगत नाही. सुटल्याच्या कागदावरही झोजिलाचं नाव नाही. भाच्याला घराच्या व्हॉट्सॲप गटावर तसं लिहायचं होतं. मी लिहू दिलं नाही. जे तिथे खरोखर थंडीत पहारी मारत होते, त्यांचा मान आपण परस्पर घ्यायचा नसतो. अप्पांचा मान त्यांच्या नावापुरता कडेवर कोरलेला आहे, आणि तो पुरेसा आहे.

तुमच्या घरी असा डबा असेल, तर तीन गोष्टी करा. पदकं घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. कडेवरचा मजकूर आणि कागद यांचे फोटो काढा. मग नंबर, हुद्दा, नाव लिहून त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवा. मद्रास सॅपर्सचं बंगळुरूला आहे. आमचं पत्र गेलं आहे. उत्तरात झोजिला असो वा एखादा साधा डेपो, घरच्या वहीत तेच लिहिलं जाईल.