फुफ्फुसांतील रक्तदाब आणि प्रतिमातपासणी

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब सर्वांच्या परिचयाचा असतो. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीतील दाब मात्र निराळा असून तो असा बाहेरून मोजता येत नाही. विश्रांतीच्या अवस्थेत हा सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो २० च्या वर गेल्यास ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ अर्थात फुफ्फुसीय उच्च रक्तदाब आहे असे समजतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती खाली आणण्यात आली.

जिना चढताना धाप लागणे, थकवा, पुढे पायांवर सूज अशी लक्षणे दिसतात. ती दमा, पंडुरोग किंवा वाढत्या वयाच्या खात्यावर जमा होतात आणि निदानास विलंब होतो. इको तपासणीत संशय येतो. शिरेतून उजव्या हृदयात नळी सरकवून दाब मोजल्यावर खात्री पटते. तथापि दाब वाढला आहे एवढे कळून भागत नाही. तो का वाढला, हा खरा प्रश्न आहे व तेथे प्रतिमातपासणीचे महत्त्व आहे.

डाव्या हृदयाचे विकार आणि फुफ्फुसांचे जुनाट आजार ही नेहमीची कारणे. परंतु काही रुग्णांत फुफ्फुसातील रक्ताची गुठळी विरघळत नाही; ती तंतुमय होऊन रोहिणीच्या भिंतीला चिकटते. हा प्रकार ओळखण्यासाठी ‘व्हेंटिलेशन-परफ्यूजन स्कॅन’ करतात. रुग्णास सौम्य किरणोत्सारी कण श्वासावाटे देतात, तसेच टेक्नेशियम जोडलेले प्रथिनांचे सूक्ष्म कण शिरेतून टोचतात. जेथे हवा पोहोचते पण रक्त पोहोचत नाही, तेथे चित्रात पाचरीच्या आकाराची रिकामी जागा दिसते. रक्तप्रवाहाचे चित्र निर्दोष असेल, तर हा प्रकार जवळजवळ निश्चितपणे वगळता येतो. साध्या सी. टी. अँजिओग्राफीत मात्र बारीक शाखांतील जुने अडथळे नजरेतून निसटू शकतात. सी. टी. यंत्र सर्वत्र असते, अणुवैद्यक विभाग मोजक्या ठिकाणी. म्हणून हा स्कॅन टाळला जातो, हे योग्य नव्हे. कारण शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा असा हा प्रकार आहे! शरीर सुमारे २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण काही मिनिटे थांबवून, रोहिणीच्या आतील हा थर सोलून काढतात. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास फुग्याच्या साहाय्याने शाखा रुंदावता येतात.

उपचारांचा परिणाम पाहण्यास एम. आर. आय. उपयुक्त ठरतो. क्ष-किरणांविना उजव्या जवनिकेचे आकारमान व तिची रक्त ढकलण्याची क्षमता त्यात अचूक मोजता येते. उजवे हृदय किती तग धरते यावरच रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते. विशेष प्रक्रिया केलेला झेनॉन वायू हुंगवून एम. आर. आय. काढण्याचे तंत्रही आले आहे. फुफ्फुसांतील हवेचे वहन तपासण्यासाठी त्यास अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली; या विकारातील त्याचा वापर अद्याप संशोधनाच्या पातळीवर आहे.