तंबू, कृषिपर्यटनस्थळांवरील : अग्निसुरक्षा

शेतावर मुक्कामास येणाऱ्या पाहुण्यांसाठी हंगामापुरते उभारलेले तंबू, राहुट्या, कनाती व मांडव यांना आगीपासून जपण्याकरिता कायदा, भारतीय मानके आणि शेतकऱ्यांचा परंपरागत परिपाठ यांतून जी बंधने सिद्ध झाली आहेत, त्यांचा विचार येथे मुख्यतः यवतमाळ जिल्ह्याला अनुलक्षून केला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषिपर्यटन धोरण जाहीर केले व अशा केंद्रांच्या नोंदणीचे काम पर्यटन संचालनालयाकडे सोपविले. कापूस, तूर व ज्वारीचा हा मुलूख, त्यातच पांढरकवड्यानजीकच्या टिपेश्वर अभयारण्याकडे वाघाच्या ओढीने येणारा प्रवासी, यांमुळे शेतातील मुक्कामाला येथे स्वाभाविक अनुकूलता आहे.

शहरातील मांडवात आग चुकून लागते. शेतातील तंबूशेजारी मात्र ती यजमानाने पाहुण्यांच्या हौसेखातर आपल्या हातांनीच पेटविलेली असते. हुरड्याची आगटी, रोडगे भाजण्यासाठी रचलेल्या गोवऱ्या आणि रात्रीची शेकोटी ही या आतिथ्याची अंगेच होत, आणि म्हणून शहरी मांडवासाठी रचलेली नियमावली येथे जशीच्या तशी लावून भागत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये आगप्रतिबंधाची जबाबदारी मालक वा भोगवटादार यांवर येते. परंतु हा कायदा प्रामुख्याने पक्क्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून रचलेला असल्याने, कापडी निवाऱ्यासंबंधीचा तपशील भारतीय मानक ८७५८ मध्ये पाहावा लागतो. तात्पुरत्या बांधकामांत व मांडवांत घ्यावयाच्या खबरदारीचे हे मानक छताची उंची किमान ३ मीटर सांगते, वीजवाहक तारांखाली उभारणीस मनाई करते, आणि भट्टी, रोहित्र किंवा रेल्वेमार्ग यांसारख्या धोक्याच्या जागांपासून १५ मीटर अंतर राखावयास लावते. दोन माणसांच्या राहुटीला ३ मीटरांचे छत अर्थातच शक्य नाही. तिची भिस्त दोन तंबूंमधील मोकळ्या जागेवर आणि आतून सहज उघडणाऱ्या दारावर राहते.

सुती कापडासाठी एक जुना पाठ रूढ आहे : वजनाने अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २ भाग, टाकणखार १ भाग, बोरिक आम्ल १ भाग, तुरटी २ भाग व पाणी ३५ भाग यांच्या द्रावणात कनात बुडवून ती वाळवावी, म्हणजे कापड करपते पण भडकत नाही. हे क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने एका अवकाळी सरीने किंवा धुलाईने सारा खटाटोप वाया जातो व द्रावण पुन्हा द्यावे लागते, ही गोष्ट तंबू भाड्याने देणारे क्वचितच सांगतात. कृत्रिम धाग्याचे कापड व नायलॉनचे दोर यांना मानकाचा विरोध आहे, कारण ते वितळून जळत्या थेंबांच्या रूपाने खालच्या माणसांवर गळतात. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात अशाच छताने पेट घेतला आणि बाहेर पडण्यास पुरेशी वाट नसल्याने चारशेहून अधिक जीव, त्यांत बहुसंख्य मुले, प्राणास मुकले. मुंबईत गिरगाव चौपाटीवर १४ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारी सोहळ्याचा भव्य रंगमंच भस्मसात झाला, परंतु सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

जागेची निवड हा यवतमाळपुरता सर्वांत नाजूक प्रश्न होय. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग, तुराट्यांच्या गंज्या आणि कडब्याची रास हे सारे हिवाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे नेमके पाहुण्यांच्या हंगामात, शेतात असते. आणि यजमानाला ते देखावा म्हणून तंबूलगत हवेही असते! १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाने वणव्याचा काळ मानला असून, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत व सागाच्या वाळल्या पानांचा थर यांमुळे जंगलालगतच्या शेताला त्या दिवसांत खरा धोका बाहेरूनच येतो. अशा ठिकाणी तंबूंच्या तळाभोवती वनविभागाच्या जाळरेषेसारखा, गवत समूळ काढून नांगरलेला पट्टा राखणे श्रेयस्कर.

आगटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तंबूंपासून दूर, खड्ड्यात करावी. गोवरीचा निखारा फसवा असतो. वरून पांढरी राख दिसते, आत तो तासन् तास धुमसत राहतो आणि पहाटेच्या वाऱ्यासरशी पुन्हा फुलतो. म्हणून आगटीवर पाणी ओतून, राख काठीने चाळवून, पुन्हा पाणी ओतावे. माती लोटून विषय मिटविण्याची सवय येथे उपयोगाची नाही. तंबूच्या आत कंदील, मेणबत्ती, डासांची कॉइल वा शेगडी यांना पूर्ण मज्जाव असावा.

तळाजवळ विहीर किंवा शेततळे असते, यावर यजमान निर्धास्त असतात. पण कृषिपंपांची वीज पाळीपाळीने मिळते. रात्री दोन वाजता पंप चालेलच असे नाही, आणि नगरपरिषदेचा बंब तालुक्याच्या गावाहून कच्च्या रस्त्याने येईतो कापडी तंबूचे काहीच उरत नाही. तेव्हा भरलेली २०० लिटरची पिंपे, बादल्या, वाळू आणि डिझेल इंजिनवर चालणारा पंप यांची तजवीज स्वतंत्रपणे ठेवावी लागते. स्वयंपाकाचे सिलिंडर तंबूंपासून अलग, उघड्यावर व उभे ठेवावेत, कारण हा वायू हवेपेक्षा जड असून सखल जागी साचतो; १०० किलोग्रॅमहून अधिक साठा करावयाचा असल्यास गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये परवाना आवश्यक ठरतो.