खानदेशी घराची कुऱ्हाड आणि चुलीचे सरपण

खंडेनवमीस आपल्या खानदेशात घरोघर हत्यारांची पूजा होते. आमच्या लहानपणी त्या दिवशी पाटावर मांडली जाणारी हत्यारे अगदी मोजकी असत. एक कुऱ्हाड, एक कोयता, दोन विळे, एक हातोडा आणि भिंतीशी टेकवून ठेवलेली पहार. एवढ्यावर आठ माणसांचा संसार वर्षभर चाले. आज त्याच पाटावर मोटारसायकलची किल्ली आणि संगणक विराजमान झालेले दिसतात. त्यांचाही मान त्यांस अवश्य मिळावा. तथापि ती जुनी पाच-सहा हत्यारे कशी निवडली जात व थोडक्या पैशांत ती घर कसे सावरीत, हे ज्ञान मात्र आपल्या कुटुंबांतून हळूहळू लोप पावत आहे. नव्याने संसार मांडणाऱ्या आपल्या तरुण बांधवांस आणि भगिनींस त्याचा उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.

प्रथम बलुत्याच्या काळाकडे वळू. १८१८ साली पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेला, त्याच्या पूर्वीपासून आणि नंतरही कित्येक पिढ्या गावची लोखंडाची व लाकडाची कामे लोहार आणि सुतार हे बलुतेदार करीत. त्यांस सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. नवीन हत्यारास लागणारे लोखंड बहुधा शेतकऱ्याने पुरवावयाचे आणि भाता, ऐरण व कसब लोहाराचे, अशी ही वहिवाट होती. जुना विळा शेवटून देणे, बोथट कुऱ्हाडीस नवी धार काढणे, दांडा बदलणे ही कामे बलुत्यातच मोडत. या पद्धतीत कारागिराच्या वाट्यास मानहानी व दारिद्र्य येत असे, हे नाकारून चालणार नाही. परंतु तिच्यामुळे गृहस्थास एक शिस्त लागली होती. हत्यार नवे घेणे महाग आणि दुरुस्त करणे स्वस्त असल्यामुळे, जे पुनःपुन्हा दुरुस्त होऊ शकेल तेच हत्यार तो घरात आणी.

दुसरी गोष्ट सरपणाची. खानदेशाच्या घरगुती हत्यारांचा विचार येथील चुलीस सोडून करता येत नाही. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काळ्या मैदानात मोठी झाडे विरळच. सातपुड्याच्या पायथ्याचा भाग सोडल्यास मोठे ओंडके फोडण्याचा प्रसंग थोड्याच घरांवर येई. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसास एकाएकी भाव आला. त्याच दशकात आगगाडी जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली आणि कपाशीची लागवड वाढली. कपाशीबरोबर पऱ्हाट्याही वाढल्या. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून परसात त्यांची गंजी रचावयाची. तिच्या जोडीस तुराट्या, ज्वारीची धसकटे, बाभळीच्या फांट्या आणि गोवऱ्या, हे आपले खरे जळण. आजही आपल्या भागातील भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजली जातात. त्या चवीचे मूळ या शेतातल्या जळणात आहे. आखाजीस खापरावर मांडे करावयाचे असले की मात्र एकसारखी आच लागे आणि त्यासाठी चांगली वाळलेली फाटी निराळी राखून ठेवीत.

आता वाचकांच्या ध्यानात येईल की, अशा घरास मोठ्या वजनी कुऱ्हाडीपेक्षा कोयत्याची व विळ्याची गरज अधिक होती. कुऱ्हाड लागे, परंतु हलकी. सुमारे किलोभर वजनाच्या डोक्याची, एका हातानेही चालविता येईल अशी. कारण मोळी फोडण्याचे काम घरातील स्त्रियांकडेच बहुधा असे. बाजारात भारी व भपकेबाज कुऱ्हाड विकत घेणारा पुरुष पुष्कळदा हे विसरे आणि त्याचे ओझे वर्षानुवर्षे गृहिणीचे मनगट वाही. हत्यार कोण वापरणार, हा प्रश्न त्याच्या किमतीच्याही आधी विचारावयास हवा.

सातपुड्याकडील कहाणी निराळी आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा, येथील बाजारांत डोंगरातील भिल्ल-पावरा बांधव डोक्यावरून मोळ्या आणीत. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वनकायद्याने राखीव जंगलात लाकूड तोडणे गुन्हा ठरले. १९२७ च्या कायद्यात तर तोडलेल्या मालाबरोबर हत्यारे, गाड्या व गुरेही जप्त करण्याची तरतूद आहे. ज्याच्या घरी एकच कुऱ्हाड, त्याची ती कुऱ्हाड सरकारजमा झाली म्हणजे काय होई, याची कल्पना आपण करावी. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी वऱ्हाडात पुसद येथे राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तेव्हा घरातला साधा विळा हाच कायदेभंगाचे साधन झाला.

हातकामाचा गौरव आपल्याच भूमीवर झाला तो डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते आणि खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन महात्माजींनी केले. नंदलाल बोस यांच्यासारख्या थोर चित्रकाराने बांबू व तत्सम साध्या गावठी साहित्यातून तेथील सजावट केली. साधने थोडी असली तरी हात तयार असले म्हणजे काय उभे राहते, हे खानदेशाने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

आता पारखीविषयी. पूर्वी पोलाद महाग म्हणून लोहार कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे करी आणि धारेपुरते पोलाद जोडी. पुढे मोटारी वाढल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या कमानींचे पाटे लोहारांच्या हाती आले. ते चिवट पोलाद असल्यामुळे त्याचे कोयते उत्तम होतात. रस्त्याच्या कडेस पाल ठोकणारे घिसाडी बांधव असे कोयते आपल्या डोळ्यांदेखत घडवून देत आले आहेत. कारखान्यात तयार झालेली, उदाहरणार्थ टाटांच्या अॅग्रिको छापाची, फावडी व कुदळीही बाजारात आली. घडीव घ्या वा छापील घ्या, परीक्षा एकच. पाते टांगून त्यावर टिचकी मारावी. आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज आला तर आत चीर असण्याचा संभव असतो. धारेवर कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर धार ठिसूळ, आणि लोण्यासारखी उतरली तर धारेस पाणीच दिलेले नाही. कानस किंचित अडखळत चालावी, हे उत्तम.

दांड्याच्या बाबतीत आमच्या घरी एक प्रसंग घडला. लग्नानंतर शहरात बिऱ्हाड केले तेव्हा आम्ही एका दुकानातून रंग दिलेल्या दांड्याची स्वस्त कुऱ्हाड आणली. पावसाळ्यात घेतलेली ती कुऱ्हाड वैशाखापर्यंत बरी चालली. मग एके दिवशी सौभाग्यवती बाभळीचे खोड फोडीत असता डोके निसटून अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या हातभर अंतरावर जाऊन पडले. रंगाखाली लाकूड ओले होते. आपल्या उन्हाळ्यात ते आटले आणि पाचर ढिली झाली. त्या दिवशी वाचविलेल्या चार पैशांची किंमत आम्हांस कळली. तेव्हापासून आमचा नेम असा की, डोके चांगले घ्यावे आणि दांडा पुरत्या वाळलेल्या धावड्याचा, तिवसाचा वा बाभळीचा, रेषा सरळ लांबीत गेलेल्या लाकडाचा, सुताराकडून बसवून घ्यावा. दांडा रंगविलेला असेल तर घेऊ नये, कारण रंग रेषा झाकतो. रात्रभर पाण्यात बुडवून ढिली कुऱ्हाड घट्ट करण्याचा उपाय दोन दिवसांचा असतो. त्याच्या भरवशावर राहू नये.

खर्चाचा क्रम आमच्या मते असा असावा. पहिल्या वर्षी हलकी कुऱ्हाड, कोयता, हातोडा व कानस. कानस विसरू नये, कारण ती नसेल तर बाकीची हत्यारे सहा महिन्यांत बोथट होऊन पडतात. दुसऱ्या वर्षी लहान करवत व पकड. पहार, कुदळ, मोठी करवत ही वर्षातून चार दिवस लागणारी हत्यारे. ती एकट्याने घेऊच नयेत.

कोणी म्हणेल, २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतर घरोघर गॅस पोहोचला, आता सरपणाची कथा कशास? गॅसने आपल्या माताभगिनींचे डोळे व फुप्फुसे धुरापासून वाचविली, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु सिलिंडर भरण्यास पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हेही आपण पाहतो. आणि जेथे चूल आहे तेथे झाड राखण्याची जबाबदारीही आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने वृक्षतोड थांबवून उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पऱ्हाटी व तुराटी जाळणारे घर उभ्या झाडास हात लावीत नाही, ही आपल्या वाडवडिलांची रीत तेथील शिकवणुकीशी जुळणारीच आहे.

शेवटी एक सूचना. लग्नकार्यासाठी ज्ञातिमंडळांनी मोठी पातेली, परात्या व सतरंज्या घेऊन ठेवण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. गरजूने न्यावे, घासून परत आणावे. त्याच खोलीत दोन पहारी, एक कुदळ, एक मोठी करवत आणि धार लावण्याचा दगड ठेवावयास कितीसा खर्च येईल? घर शाकारणारी विधवा भगिनी किंवा नुकतेच बिऱ्हाड केलेले जोडपे यांचा भार त्याने हलका होईल. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ अशी म्हण आपण ऐकत आलो. गोताने एकत्र येऊन घेतलेली कुऱ्हाड त्याच गोताच्या कामी येईल, असा प्रयत्न येत्या खंडेनवमीपासून करून पाहावा, अशी सर्व बांधवांस नम्र विनंती आहे.